जुन्या हलक्या विमानांचे काउलिंग आणि इंजिनाचे शीतकरण : नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

जुन्या हलक्या विमानाचे इंजिन तापते अशी तक्रार आली, की नवख्या माणसाची नजर सर्वांत आधी काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाभोवतीच्या पत्र्याच्या आवरणाच्या, पुढच्या तोंडाकडे जाते आणि ते थोडे मोठे केले तर हवा जास्त येईल असे त्याला वाटते. हा विचार स्वाभाविक असला तरी बहुधा चुकीचा असतो. आत येणारी हवा सिलिंडरच्या फिन्समधून, म्हणजे त्याच्या भोवतीच्या धातूच्या पातळ पात्यांमधून, गेली तरच ती उष्णता घेऊन जाते, आणि फिन्समधून ती तेव्हाच जाते जेव्हा एका बाजूला दाब जास्त व दुसऱ्या बाजूला कमी असतो, आणि मध्ये दुसरी सोपी वाट उरलेली नसते. म्हणून या लेखातील तपासणीचा क्रम मागून पुढे जाणारा आहे: आधी गळती, मग बाहेर पडण्याची वाट, आणि आत येण्याचे तोंड सर्वांत शेवटी.

नाशिकमध्ये विमानाच्या पत्र्याला हात लावलेली माणसे कमी नाहीत. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला, आणि तेथे नोकरी केलेले कोणीतरी आपल्यापैकी अनेकांच्या नात्यात किंवा शेजारात असते. परंतु जेट विमानावर सारी हयात घालवलेला कुशल तंत्रज्ञही हवेने थंड होणाऱ्या पिस्टन इंजिनापुढे काही अंशी नवखाच असतो, कारण फिन्स, बॅफल (हवेला फिन्समधून वळवणारे पत्रे) आणि सील (बॅफल व काउलिंग यांमधली फट बुजवणारी रबरी पट्टी) यांच्याशी त्याचा संबंध क्वचितच आलेला असतो. तेव्हा वय किंवा अनुभव पाहून कोणी ही प्राथमिक माहिती ओलांडून पुढे जाऊ नये.

एक अट आधीच स्पष्ट केली पाहिजे. नोंदणी असलेल्या आणि उडणाऱ्या विमानाच्या काउलिंगचा आकार, तोंड किंवा बॅफलची रचना मंजूर आराखड्याबाहेर बदलण्याचा अधिकार मालकालाही नसतो. असा बदल डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, मंजुरीनेच करता येतो, आणि केलेल्या कामावर परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची सही लागते. सुदैवाने जुन्या विमानांच्या तापण्याच्या तक्रारींपैकी पुष्कळशा कोणताही बदल न करता, मूळ रचना जशी होती तशी परत आणून सुटतात. खाली सांगितलेले बहुतेक काम त्याच प्रकारचे आहे, तरीही ते अभियंत्याला सांगून आणि त्याच्या देखरेखीखाली करावे.

पहिली पायरी : आपल्यासमोरची मांडणी ओळखणे

पायपर जे-३ कबसारख्या विमानात चारही सिलिंडर काउलिंगच्या बाहेर उघड्यावर असतात, आणि त्यांच्यावर भुवईसारखे वाकवलेले पत्रे बसवलेले असतात. ते पत्रे शोभेचे नाहीत. सिलिंडरची पुढची बाजू वाऱ्याला थेट सामोरी असल्याने तशीही थंड राहते. मागच्या बाजूला मात्र हवा सिलिंडरपासून सुटून निघून जाते, आणि तिला फिन्सना धरून मागे वळवण्याचे काम हे पत्रे करतात.

आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनावर पूर्ण काउलिंग असते तेव्हा बॅफलमुळे त्याच्या आत दोन कप्पे तयार होतात. समोरून आलेली हवा इंजिनाच्या वरच्या कप्प्यात साठते आणि तेथे दाब वाढतो. मग ती फिन्समधून खाली उतरून खालच्या, कमी दाबाच्या कप्प्यात येते आणि मागच्या खालच्या बाजूने बाहेर पडते. आपल्याकडच्या नवख्यांना असे इंजिन पाहायला मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे, कारण १९५८ मध्ये प्रथम उडालेल्या आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचलेल्या पुष्पक विमानात ९० अश्वशक्तीचे कॉन्टिनेंटल सी-९० हे आडवे चार सिलिंडरचेच इंजिन आहे.

तिसरी मांडणी उलट्या सरळ रांगेची. टायगर मॉथमधील जिप्सी मेजर आणि १९५१ मध्ये प्रथम उडालेल्या एचटी-२ मधील १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर ही इंजिने या प्रकारची. यांत सिलिंडर एकामागे एक आणि डोकी खाली असतात. हवा एका बाजूच्या लांबट कप्प्यात शिरते, तेथून काटकोनात वळून सिलिंडरांच्या मधून आडवी जाते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. हा कप्पा मागे मागे निमुळता होत जातो. वाटेत प्रत्येक सिलिंडर आपला वाटा घेत असल्याने मागे हवा कमी उरते, आणि कप्पाही तेवढाच अरुंद केला तर शेवटच्या सिलिंडरपर्यंत हवेची विभागणी बरीचशी समान राहते. कोणी दुरुस्ती करताना हा पत्रा सरळ करून टाकला, किंवा त्याच्या कडेला फट राहिली, तर त्याची किंमत मागचा सिलिंडर मोजतो. जुन्या विमानांत मला ही मांडणी सर्वांत देखणी वाटते, आणि ती बिघडवायला सर्वांत सोपीही हीच आहे.

गोल मांडणीच्या, म्हणजे रेडियल इंजिनांविषयी थोडक्यात सांगतो, कारण हलक्या विमानांत ती कमी आढळतात. ब्रिटनमध्ये नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या ह्युबर्ट टाउनएंड यांचे सिलिंडरांभोवती बसणारे अरुंद कडे १९२९ च्या सुमारास पुढे आले. अमेरिकेत लँगली येथे फ्रेड वाइक यांच्या गटाने १९२८ पासून नाका या अमेरिकी सरकारी विमानसंशोधन संस्थेचे पूर्ण काउलिंग सिद्ध केले, आणि लॉकहीड एअर एक्स्प्रेस विमानावर ते बसवताच कमाल वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ मैलांवर गेला. त्याआधी उघडे सिलिंडर वाऱ्यात ठेवणे हाच थंड करण्याचा खात्रीचा मार्ग समजला जाई. झाकलेले इंजिन उघड्यापेक्षा कमी हवेत आणि कमी अवरोधात थंड राहू शकते, हे त्या प्रयोगांनी दाखवले.

दुसरी पायरी : दाबाचे आकडे मनात बसवणे

विमानाचा वेगदर्शक ६० नॉट दाखवत असेल तेव्हा समोरून येणाऱ्या हवेचा दाब सुमारे ६० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. ९० नॉटला तो सुमारे १३५ मिलिमीटर होतो, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे चढाईत, जेव्हा वेग कमी आणि इंजिन पूर्ण जोरात असते, नेमका तेव्हाच आपल्या हाती सर्वांत कमी दाब असतो. त्यातलाही काही भाग तोंडापाशी वाया जातो. सहा सेंटिमीटर पाणी म्हणजे किती थोडे, हे लक्षात आले की बोटभर रुंदीच्या फटीला एवढे महत्त्व का द्यायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

नाशिकची हवा यात आपली भर घालते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, आणि मे महिन्यातील ४० अंशांच्या दुपारी येथील हवेची घनता प्रमाण वातावरणातील जवळपास ५,४०० फुटांवरच्या घनतेइतकी उतरते. वेगदर्शकावरचा वेग तोच ठेवला तर दाब तोच राहतो, पण हवा विरळ असल्याने फिन्समधून जाणाऱ्या हवेचे वजन समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या प्रमाण दिवसापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते. शिवाय सिलिंडरचे डोके २०० अंशांवर असेल तर त्याचा आणि बाहेरच्या हवेचा फरक १८५ ऐवजी १६० अंशच उरतो. विरळ हवेत इंजिनाची शक्तीही घटते, त्यामुळे नुकसान थोडे भरून निघते हे खरे, परंतु चढाई रेंगाळते आणि इंजिन अधिक वेळ पूर्ण जोरात राहते.

तिसरी पायरी : काउलिंगला दोष देण्याआधी इंजिन तपासणे

प्रज्वलनाची वेळ पुढे सरकलेली असणे, इनटेक नळीच्या जोडातून हवा शिरून मिश्रण पातळ होणे, चुकीच्या उष्णतागटाचा प्लग, किंवा नुकत्याच बसवलेल्या रिंगा अजून न रुळणे, यांपैकी कोणत्याही कारणाने डोक्याचे तापमान वाढते. चारांपैकी एकच सिलिंडर एकाएकी तापू लागला असेल, तर काउलिंगच्या आधी त्याच्या इनटेक जोडाकडे पाहावे.

मापकाचीही परीक्षा घ्यावी. तेलाच्या तापमापकाचा संवेदक काढून उकळत्या पाण्यात बुडवता येतो. मात्र नाशिकच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, म्हणून काटा १०० दाखवत नाही यावरून मापक खराब ठरवू नये. सिलिंडरच्या डोक्याच्या जुन्या मापकाची तार लांब वाटते म्हणून कापून सुटसुटीत करण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे. त्या तारेचा रोध मापकाच्या जुळणीचा भाग असतो, तार कापली की काटा खोटे बोलू लागतो. प्लगखालच्या वायसरमधील संवेदक आणि डोक्यातील खाचेत बसणारा संवेदक यांचे आकडेही एकमेकांशी थेट ताडून पाहू नयेत. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतील मर्यादा कोणत्या जागेच्या तापमानासाठी दिली आहे, ते वाचल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये.

चौथी पायरी : थंड इंजिनावर गळती शोधणे

ही पायरी घाईने उरकू नये, कारण खरे काम येथेच आहे. संध्याकाळी हँगरचे दिवे मालवून काउलिंग पूर्ण बंद करावे, खालच्या कप्प्यात हातदिवा ठेवावा आणि समोरच्या तोंडांतून वरच्या कप्प्यात पाहावे. फिन्समधून झिरपणारा उजेड अपेक्षितच आहे. त्याखेरीज जेथे जेथे उजेडाची रेघ किंवा ठिपका दिसेल, तेथून हवा फिन्सना न शिवता खाली पळते आहे. या जागा खडूने खुणावून ठेवाव्यात. पेन्सिलीने ॲल्युमिनियमवर खूण करू नये, शिशातील ग्राफाइटमुळे पत्रा त्या रेषेवर गंजतो आणि पुढे तेथूनच चिरतो.

त्यानंतर वरचे काउलिंग काढून त्याची आतली बाजू पाहावी. सील जेथे टेकते तेथे घासल्याची अखंड रेघ दिसली पाहिजे, आणि रेघ जेथे तुटते तेथे सील टेकत नाही असे समजावे. सीलची पट्टी कोणत्या बाजूला वळली आहे हेही पाहावे. तिचा वाक जास्त दाबाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या दिशेला असला पाहिजे, म्हणजे दाब वाढला की ती काउलिंगवर अधिकच घट्ट बसते. उलटी वळलेली पट्टी जमिनीवर ठीक दिसते आणि उड्डाणात उघडते. बॅफलचा ताठ पत्रा आणि काउलिंग यांच्यात साधारण १० ते १२ मिलिमीटर अंतर असावे, कारण इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलते. ते अंतर भरून काढण्याचे काम सीलचे आहे. जुनी पट्टी पुठ्ठ्यासारखी कडक झाली असेल तर तिला चिकटपट्टीने सांधत बसू नये, उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन रबराची मंजूर पट्टी नव्याने बसवावी.

दोन सिलिंडरांच्या मध्ये, खालच्या अंगाला बसणारे छोटे बॅफल हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ते वरून दिसत नाहीत, आणि इंजिन उतरवून पुन्हा चढवताना त्यांतला एखादा खोक्यातच राहून गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आरसा आणि दिवा घेऊन ते जागेवर आहेत का, फिन्सना चिकटून आहेत का, त्यांची स्प्रिंग किंवा पट्टी ढिली आहे का, हे पाहावे. असे बॅफल नसलेल्या सिलिंडरवरून भरपूर हवा जाते, पण ती वरच्या फिन्सना स्पर्श करून निसटते आणि खालची बाजू भाजत राहते.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्यातून) जाणाऱ्या केबल आणि नळ्यांभोवतीची भोकेही बुजलेली असावीत. तो प्रश्न शीतकरणापेक्षा आग आणि धूर यांचा आहे, आणि म्हणून अधिक गंभीर आहे.

शेवटी कचरा. आपल्याकडे महिनाभर उभ्या राहिलेल्या विमानाच्या काउलिंगमध्ये साळुंखी काड्या-चिंध्या भरते, आणि कुंभारीण माशी फिन्सच्या फटींत मातीची घरटी लिंपते. तेलाच्या थरावर बसलेली धूळही फिन्सची फट तितकीच बुजवते. ही सफाई मऊ ब्रशने आणि ठरवून दिलेल्या द्रावकाने करावी. टोकदार सळईने खरवडल्यास फिन तुटतात.

पाचवी पायरी : बाहेर पडण्याची वाट

धुराडे बुजलेल्या चुलीत कितीही फुंकले तरी जाळ धरत नाही, तसेच येथे आहे. फिन्समधून गेलेली हवा तापून फुगलेली असते, म्हणून बाहेर पडण्याचे तोंड आत येण्याच्या तोंडांच्या एकूण क्षेत्रफळापेक्षा सहसा थोडे मोठे ठेवलेले असते. कालांतराने त्या जागेत काय काय येऊन बसते ते पाहावे: नंतर बसवलेला मफलर, हीटरची जाड नळी, बांधून टाकलेला तारांचा गुच्छ. कागदावर मोकळे असलेले क्षेत्रफळ प्रत्यक्षात निम्म्यावर आलेले असू शकते.

अनेक काउलिंगांच्या खालच्या मागच्या कडेला बाहेर वळवलेली लहानशी ओठासारखी पट्टी असते. तिच्यामागे दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. विमान ढकलताना किंवा जमिनीवर टेकताना ही पट्टी दबून सपाट होते, आणि रंगकाम करणारा तिला आणखी गुळगुळीत करून ठेवतो. मूळ आराखड्यात तिचा कोन दिलेला असेल तर तो मोजून तिला पूर्ववत करावे. मूळ रचनेत नसेल तर आपल्या मनाने बसवू नये, तो मंजुरी लागणारा बदल आहे.

सहावी पायरी : प्रत्यक्ष दाब मोजणे

गळती बुजवून आणि वाट मोकळी करूनही तापमान उतरत नसेल तर अंदाज सोडून मोजमाप करावे. त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवून त्यात रंगीत पाणी भरावे. तिचे एक टोक वरच्या कप्प्याला आणि दुसरे खालच्या कप्प्याला जोडावे, आणि पाण्याच्या दोन पातळ्यांतील फरक मिलिमीटरमध्ये वाचावा. कप्प्यातील नळीचे तोंड वाऱ्याला सामोरे असू नये, म्हणून टोक बंद करून बाजूला बारीक छिद्रे पाडावीत. ही तात्पुरती जोडणी अभियंत्याच्या संमतीनेच करावी, फायरवॉलमधून नळी नेताना भोक नीट बुजवावे, आणि वाचन वैमानिकाने न करता सोबत बसलेल्याने करावे.

वेगाप्रमाणे जेवढा दाब मिळायला हवा त्याच्या मानाने फरक फारच कमी आला, तर खालच्या कप्प्याची बाहेरच्या दाबाशी वेगळी तुलना करावी. खालचा कप्पा फुगलेला आढळला तर दोष बाहेरच्या वाटेत आहे, किंवा वरून तेथे गळती होते आहे. दोन्ही ठीक असून वरचा दाबच कमी असेल तेव्हाच समोरच्या तोंडाचा विचार करायचा.

पत्र्याचे काम

बॅफलसाठी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियम पत्रा वापरतात, पण जाडी आणि मिश्रधातू मूळ आराखड्याप्रमाणेच घ्यावा. सरळ कापणे आणि वाकवणे नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या कोणत्याही चांगल्या शीट मेटल वर्कशॉपमध्ये होते. तेथे एवढेच सांगावे लागते, की वाक धारदार नको, त्याला त्रिज्या हवी, आणि कडा कानशीने साफ करून हव्यात. अडचण येते ती काउलिंगच्या पुढच्या दुहेरी वळणाच्या भागाला. तेथे पत्रा वाळूच्या पिशवीवर मोगरीने ताणत न्यावा लागतो. तांबट आळीत तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिराला पत्रा कोठे ताणला आणि कोठे आवळला हे हाताच्या स्पर्शाने कळते, आणि त्याच्याजवळ बसून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. धातू मात्र वेगळा आहे. ॲल्युमिनियम लाल होऊन सूचना देत नाही, थेट वितळते. म्हणून मऊ करताना त्यावर साबण घासून तो काळपट होईपर्यंतच उष्णता देण्याची जुनी रीत आहे. ही रीत शुद्ध किंवा मऊ ॲल्युमिनियमलाच लागू पडते. ड्युरॅलसारख्या उष्णता-प्रक्रिया केलेल्या मिश्रधातूला अशी आंच दिली की त्याची ताकद जाते.

जुन्या पत्र्यातील चिरेच्या अगदी टोकाशी सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडून ती थांबवावी आणि मग ठिगळ रिव्हेटने लावावे. चीर पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर तेथे काउलिंग ताणून बसवले जात आहे.

अंतिम पायरी : जमिनीवर आणि हवेत

काउलिंग काढून इंजिन चालवले तर ते अधिक थंड राहील हा गैरसमज दाब-काउलिंगच्या, म्हणजे वर सांगितलेल्या दोन कप्प्यांच्या काउलिंगच्या, बाबतीत महागात पडतो, कारण वरचा कप्पाच नसल्याने हवा फिन्समधून जात नाही. जमिनीवरची चाचणी काउलिंग लावून, नाक वाऱ्याकडे करून आणि थोड्या वेळापुरतीच घ्यावी.

उड्डाणात बाहेरचे तापमान, उंची, वेगदर्शकावरील वेग, इंजिनाचे फेरे, प्रत्येक सिलिंडरच्या डोक्याचे तापमान आणि तेलाचे तापमान यांची नोंद ठरावीक अंतराने करावी, आणि दोन उड्डाणांच्या दरम्यान एकच गोष्ट बदलावी. जानेवारीत निफाडचा पारा एक अंकी आकड्यांत उतरतो, आणि ओझरही त्याच तालुक्यात येते. अशा सकाळी मिळालेले समाधानकारक आकडे उन्हाळ्यासाठी जसेच्या तसे धरू नयेत. प्रमाणीकरणाच्या रूढ पद्धतीत बाहेरचे तापमान जितके अंश वाढेल तितकेच अंश सिलिंडरच्या डोक्याच्या तापमानात, आणि त्याच्या ०.७ पट सिलिंडरच्या भिंतीच्या तापमानात मिळवतात. १० अंशांच्या सकाळी चढाईत १९८ अंश दिसले तर ४० अंशांच्या दुपारी २२८ अंशांची तयारी ठेवावी. लायकमिंग इंजिनांची कमाल मर्यादा सहसा २६० अंश असते, पण दीर्घ आयुष्यासाठी ती कंपनी सततच्या वापरात सुमारे २२४ अंशांखाली राहण्यास सांगते, तेव्हा थंडीत निर्धोक वाटलेले हे इंजिन उन्हाळ्यात त्या रेषेपलीकडे गेलेले असेल. आपले इंजिन अन्य बनावटीचे असल्यास त्याच्या स्वतःच्या पुस्तिकेतील आकडे घ्यावेत.

उन्हाळ्यात आकडे मर्यादेजवळ येत असतील तर चढाई थोड्या अधिक वेगाने करावी. चढाईचा दर किंचित घटतो, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने ६० ऐवजी ७० नॉट ठेवल्यास तो सुमारे ३६ टक्क्यांनी वाढतो. विमानाच्या पुस्तिकेत ज्या वेगाला परवानगी आहे, त्याच पट्ट्यात हे करावे.

पहिल्या काही उड्डाणांनंतर काउलिंग पुन्हा उघडून सीलच्या रेघा पाहाव्यात. नवी पट्टी कोठेतरी दुमडते, कोठेतरी प्लगच्या तारेला घासते, आणि तेथे ती छाटून किंवा सरकवून बसवावी लागते. त्यानंतरच अभियंत्याकडून लॉगबुकमध्ये नोंद करून घ्यावी, आणि त्या नोंदीला चाचणीतील तापमानांचा तक्ता जोडावा.